पाचवीचा सेतू वर्ग कसा आहे? आमचा अनुभव, पाचपैकी साडेतीन स्टार

जूनपासून बऱ्याच जणींनी विचारलं की तुमच्या पोरीच्या हायस्कूलात पाचवीला तो सेतू वर्ग घेतात तो खरंच कामाचा आहे का नुसता बोर्डावर लिहायला आहे, म्हणून प्रत्येकीला वेगळी व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की लगेच संस्था कुणाची, अध्यक्ष कुठल्या पार्टीचे, यावर गाडी जाते आणि मुलं राहतात बाजूला. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी, एवढं पुरे.

आधी हे काय आहे ते सांगते. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांमधून चौथी पास होऊन जी पोरं पाचवीला हायस्कूलात येतात त्यांच्यासाठी शाळा उघडल्यापासून पहिले तीन आठवडे वेगळ्या पद्धतीने शिकवतात. फी नाही, वेगळं पुस्तक नाही, वेगळी वेळ नाही. रोजच्याच तासांमध्ये, पाचवीच्याच पुस्तकांतून.

आता ज्यांची मुलं पहिलीपासून एकाच शाळेत आहेत त्यांना वाटेल की चौथीतून पाचवीत जाण्यात एवढं काय आहे, तर आमच्या वाडीवरची शाळा कशी होती ते ऐका. चार वर्ग, दोन खोल्या, एक गुरुजी आणि एक बाई. चपला दाराबाहेर, सतरंजीवर बसायचं, पहिलीची आणि दुसरीची मुलं एकाच खोलीत. गुरुजींना कोण जेवून आलंय, कुणाचा बाप आजारी आहे, कुणाला सातचा पाढा अडतो, सगळं पाठ. तिथून ही पोरगी एकदम अ ब क ड तुकड्यांच्या शाळेत, एका वर्गात साठ मुलं, दिवसात आठ तास, दर तासाला घंटा आणि घंटा झाली की नवा चेहरा. हिंदी हा अख्खा नवा विषय. काल-परवापर्यंत शाळेत सगळ्यात मोठी होती, परिपाठाला पुढे उभी राहून प्रार्थना सांगायची, आणि आता सगळ्यात लहान, दहावीची मिशा फुटलेली मुलं जिन्यावरनं धाडधाड उतरतात तेव्हा भिंतीला चिकटून उभी.

गंमत बघा, शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी मिळून प्राथमिक धरलंय, नव्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर तिसरी, चौथी, पाचवी हा एकच टप्पा आहे. म्हणजे कागदावर चौथीनंतर काही तुटतच नाही. पण आमच्याकडच्या कितीतरी मराठी शाळा चौथीलाच संपतात आणि हायस्कूलं पाचवीला सुरू होतात, ही जुनी घडी आहे आणि ती काही कायद्याने बदलली नाही. पहिलीत येणाऱ्या पोरांसाठी २०२२ पासून 'पहिले पाऊल'चे मेळावे होतात, सात टेबलं मांडतात, पोराला दोरीवरून चालायला लावतात, रंग ओळखायला लावतात, आईला घरी करायच्या गोष्टी सांगतात. शिवाय पहिलीच्या सुरुवातीला तीन महिन्यांचा 'विद्याप्रवेश' आहे, सगळं खेळातनं. माझ्या धाकट्याचं झालंय ते सगळं, चांगलं आहे. पाचवीला यातलं काही नाही. दाखला काढा, फॉर्म भरा, सोमवारी या. म्हणून एखादी शाळा स्वतःहून काही करतेय म्हटल्यावर मी जरा बारकाईनेच बघत होते.

सेतू म्हटल्यावर बहुतेक पालकांच्या डोळ्यासमोर २०२१ चा तो ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम येतो, कोरोनानंतरचा, मागच्या इयत्तेची उजळणी आणि मध्ये मध्ये चाचण्या. तो मागे राहिलेलं भरून काढायला होता, त्याचं काम वेगळं होतं. इथे चौथीची उजळणी जवळजवळ नव्हतीच. इथल्या वर्गशिक्षक मॅडमनी आणि गणिताच्या सरांनी काय केलं, तर पाचवीच्या पुस्तकातले असे धडे निवडले जे मुलांना ही नवीन शाळा कळायला उपयोगी पडतील, आणि ते पुढेमागे करून जूनमध्येच घेतले. धडा तोच, पुस्तक तेच, स्वाध्यायसुद्धा पुस्तकातलेच, फक्त उदाहरण म्हणून ही शाळा.

गणिताचं सांगते कारण ते मला सगळ्यात आवडलं. पाचवीच्या गणितात पहिलाच धडा रोमन संख्याचिन्हांचा आहे. बहुतेक ठिकाणी तो फळ्यावर एक ते वीस लिहून दोन तासांत उरकतात. या शाळेत वर्गांच्या दारांवर इयत्ता रोमन आकड्यांत रंगवलेल्या आहेत, जुनी बिल्डिंग आहे, कुणीतरी कधीकाळी हौसेने रंगवलेल्या. सरांनी मुलांच्या जोड्या केल्या आणि सांगितलं की जा, अख्ख्या शाळेत फिरून कुठल्या दारावर काय लिहिलंय ते वहीत उतरवून आणा, आणि त्याच्यापुढे आपल्या आकड्यात लिहा. जोडीत एक वाडीवरचं मूल आणि एक गावातलं. झालं, आकडेही पाठ झाले आणि नववी कुठे, लॅब कुठे, ऑफिस कुठे, हे कुणाला न विचारता कळलं. दहावीच्या वर्गात मास्तरांची परवानगी घेऊन डोकावायला मिळालं ही तर घरी येऊन तीनदा सांगायची गोष्ट होती.

त्यात आमच्या पोरीने अजून एक शोधून काढलं. ऑफिसातल्या जुन्या घड्याळात चार वाजायच्या जागी सरळ चार उभ्या रेघा आहेत, आणि पुस्तकात चार लिहायला पाचाच्या खुणेआधी एक रेघ. तिने सरांना विचारलं की सर घड्याळ चुकलंय का. सरांनी लगेच उत्तर दिलं नाही, म्हणाले ज्यांच्या घरी असे आकडे असलेलं घड्याळ आहे त्यांनी बघून या. दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी सांगितलं की आमच्याकडे पण चार रेघाच. मग सर म्हणाले की पुस्तकातली पद्धत आपण परीक्षेत लिहायची, पण घड्याळं बनवणारे फार जुन्या काळापासून चार रेघा काढत आलेत, दोन्ही वापरात आहेत. एवढंच. पण चौथीपर्यंत ज्या गुरुजींशी बोलायची सवय होती ते सोडून एका नवख्या सरांना पहिल्याच आठवड्यात स्वतःहून प्रश्न विचारला, साठ जणांच्या वर्गात, हे माझ्यासाठी त्या रोमन आकड्यांपेक्षा मोठं होतं.

मग कालमापन. हा धडा पुस्तकात बराच मागे आहे, यांनी पुढे ओढला. शाळेचं वेळापत्रकच उदाहरण म्हणून फळ्यावर. ११ ला पहिला तास, ४० मिनिटांचा एक, असे चार झाले की मधली सुट्टी किती वाजता, सुट्टी ४० मिनिटांची, मग पुढचे चार, तर शेवटची घंटा किती वाजता. मुलांनीच काढलं, मधली सुट्टी १:४० ला आणि शाळा सुटणार ५ ला. पहिले काही दिवस आमची पोरगी दर घंटेला डबा उघडायला बघायची, मराठी शाळेत घंटा म्हणजे खिचडी एवढंच माहीत, ते या गणितानंतर थांबलं.

आणि त्याला जोडून एसटी. वाडीवरच्या मुलांची खरी धाकधूक अभ्यासाची नसतेच, बस चुकली तर काय याची असते. स्टँडवरच्या वेळापत्रकात २४ ताशी वेळ असते, १७:२० लिहिलेलं बघून पोरं भांबावतात. सरांनी उदाहरण दिलं, शेवटची घंटा ५ ला, बस १७:२० ला, स्टँडपर्यंत चालायला १० मिनिटं, तर तुमच्या हातात किती मिनिटं उरली. दहा. आणि ही बस गेली तर पुढची १८:४५ ला, तोपर्यंत कुठे थांबायचं. इथे गणित संपलं आणि सरांनी सरळ सांगितलं की बस चुकली तर स्टँडवर एकटं बसायचं नाही, शाळेत परत यायचं, शिपाईमामा असतात, ऑफिसातनं घरी फोन लावायचा. तो दहा मिनिटांचा हिशोब पोरीने दप्तराच्या आतल्या कप्प्यात लिहून ठेवलाय. पाचवीपासून मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतनं एसटीचा मोफत पास मिळतो, त्याचा फॉर्मही त्याच आठवड्यात वर्गात भरून घेतला, मराठीच्या तासाला, फॉर्म कसा भरायचा हे लेखनकौशल्य म्हणून. हे बेस्ट.

परिसर अभ्यासात पाचवीला नियमांवर धडा आहे, सार्वजनिक सुविधा आणि शाळा यावर आहे, नकाशावर आहे. मॅडमनी हे तिन्ही धडे एकत्र केले. गटागटाने शाळेचा नकाशा काढायचा, सूची करायची, दिशा दाखवायची. सूचीत पाण्याची टाकी, ग्रंथालय, मैदान, ऑफिस, मुलींचं टॉयलेट. मुलांनी स्वतःच्या खुणाही घातल्या, एका गटाने जिन्याखालच्या जागेवर फुली मारून 'इथे मोठी मुलं बसतात' लिहिलं होतं, मॅडमनी ते खोडलं नाही, त्यावरनं वर्गात बोलणं काढलं आणि नंतर मधल्या सुट्टीत एक सर तिथनं फेरी मारायला लागले. एका मुलींच्या गटाने टॉयलेटच्या खुणेशेजारी कडी मोडल्याचं चित्र काढलं. आता हे असं आहे बघा, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घरी आल्या आल्या पळतात, यावरनं आईला कळतं की शाळेत काहीतरी अडचण आहे, पण पोरगी सांगत नाही. इथे ते नकाशात आलं. मॅडमनी मराठीच्या तासाला त्याच मुलींकडून मुख्याध्यापकांना अर्ज लिहून घेतला, प्रति, विषय, महोदय, आपली विश्वासू, सगळं रीतसर. कडी बसली. लगेच नाही बसली, जरा आठवण करून द्यावी लागली, पण बसली.

याच्या उलट, जे ताणतणावासाठी म्हणून खास ठेवलं होतं ते एकदम फुसकं निघालं. एक दिवस बाहेरून एक वक्ते बोलावले, पाचवीच्या सगळ्या तुकड्या हॉलमध्ये कोंबल्या, प्रोजेक्टर लावला आणि दहा वर्षांच्या पोरांना बदलाला सामोरं कसं जावं, सकारात्मक विचार, ध्येय निश्चिती वगैरे. मी घरी विचारलं काय सांगितलं गं, तर म्हणे वरचा पंखा कुईकुई वाजत होता आणि शेवटी पारले मिळालं. माणूस वाईट नसेल, चांगलंच बोलला असेल, पण मुलाला भीती वाटते ती एका ठरावीक गोष्टीची, घंटेची, बसची, मोडलेल्या कडीची, जिन्याची. तिला हात न लावता भीती या विषयावर भाषण दिलं की ते डोक्यावरनं जातं. तो अख्खा अर्धा दिवस मी सेतू वर्गाच्या हिशोबात धरलाच नाही.

मराठीतली अजून एक गोष्ट चांगली होती. प्रवेश घेताना सांगितलं होतं की चौथीची एक वही, कुठलीही, मुलाला आवडते ती, पहिल्या दिवशी आणा. मॅडमनी त्या वह्या वाचल्या. खरंच वाचल्या, कारण आमच्या पोरीने तिच्या वहीत शेळीच्या करडावर अर्धवट निबंध लिहिला होता आणि मॅडमनी विचारलं की पुढे करडाचं काय झालं, तो पूर्ण कर. पाचवीच्या वहीचं पहिलं पान म्हणजे चौथीच्या वहीचं शेवटचं पान. माझी नणंद इंग्लंडात असते, तिच्या मुलाने सहावी संपवून मोठ्या शाळेत जाताना असंच केलं होतं, जुन्या शाळेत सुरू केलेलं काम नव्या शाळेत सातवीला जाऊन पूर्ण करायचं, तिकडे काही शाळांमध्ये ही रीतच आहे म्हणे. इथे कुणी तिकडनं बघून केलंय असं नाही, मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, अहो वही बघितली की पोरगं कुठपर्यंत आलंय ते कळतं, चाचणी घेऊन काय कळतंय. शिवाय गुरुजींना पोस्टकार्ड लिहायला लावलं, पत्रलेखन. पन्नास पैशाचं कार्ड अजून मिळतं, पोस्टात जाऊन आणलं. नव्या शाळेबद्दल काय आवडलं आणि काय अवघड जातंय ते लिहायचं. गुरुजींनी सगळ्यांना मिळून एक उत्तर पाठवलं, त्यात सातच्या पाढ्याची चौकशी होती.

आता दीड स्टार कुठे गेले ते.

पहिलं म्हणजे हिंदी. ज्या विषयाला खरंच पुलाची गरज होती तिथेच पूल नाही. हिंदीच्या तासाला पहिल्या दिवसापासून सर फाडफाड हिंदीत, मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. लिपी तीच आहे म्हणून सगळ्यांना वाटतं सोपं आहे, वाचतातही पोरं घडाघडा, पण अर्थ लागत नाही आणि लिहायला बसलं की मराठीच्या सवयीने सगळ्याचं लिंग चुकतं. टीव्हीवर हिंदी ऐकतात ते वेगळं आणि वहीत लिहायचं वेगळं. मराठीच्या मॅडमसारखं यांनीही टीव्हीवरच्या जाहिराती, बाजारातल्या पाट्या असं काही घेतलं असतं तर? विचारलं तर उत्तर मिळालं की पोर्शन मोठा आहे. पोर्शन गणिताचाही मोठाच आहे की.

दुसरं, हे सगळं मी लिहिलं ते मराठी माध्यमाच्या आमच्या तुकडीचं. सेमी-इंग्रजीच्या तुकडीत माझ्या मैत्रिणीचा मुलगा आहे, त्याच शाळेत, दोन दारं पलीकडे, आणि त्याच्याकडे यातलं काहीही झालं नाही. त्याला गणित इंग्रजीत, म्हणजे बदल अजून मोठा, आणि तयारी काय तर शंभर शब्दांची यादी, अॅडिशन म्हणजे बेरीज, डिव्हायझर म्हणजे भाजक, पाठ करून या. पोरगं चौथीपर्यंत वर्गात पहिलं होतं, ते आता उत्तर येत असून हात वर करत नाही, कारण प्रश्न कळायला वेळ लागतो. त्याला तीच दारावरची आकड्यांची शोधाशोध इंग्रजीतनं करू दिली असती तर निम्मे शब्द खेळता खेळता आले असते. म्हणजे शाळेचा सेतू वर्ग असा काही नाहीये, दोन-तीन शिक्षकांचा आहे. ते ज्या तुकडीला आहेत तिथे आहे. प्रवेश घेताना हे कुणी सांगत नाही, त्यामुळे तुम्ही ऐकून जाल आणि तुकडी वेगळी मिळेल.

तिसरं पालकसभा. एक तर ठेवली जूनमध्ये, भर दुपारी, ऐन पेरणीच्या दिवसांत. वाडीवरनं कोण येणार? जे आले ते गावातले नोकरीवाले, ज्यांच्या मुलांना या वर्गाची सगळ्यात कमी गरज. आणि सभेत काय, तर मुख्याध्यापकांनी पहिली दहा मिनिटं पाचवीच्या वार्षिक परीक्षेवर घालवली, की आता ढकलगाडी नाही, पाचवीला आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे, पास झालं पाहिजे, नाही झालं तर पुन्हा परीक्षा आणि त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात. माहिती खरी आहे, पालकांना कळायलाच हवी. पण पहिल्याच सभेत, त्या सुरात? शेजारी बसलेली एक आजी नातवाचा हात घट्ट धरून बसली होती, नातू रडवेला. तिकडे वर्गात मॅडम तीन आठवडे पोरांच्या पोटातला गोळा घालवतायत आणि इकडे सभेत तो परत बसवतायत. शिवाय पुन्हा परीक्षेच्या आधी शाळेने जास्तीचं मार्गदर्शन द्यायचं असतं ते सांगितलंच नाही, ते मी नंतर मॅडमकडून ऐकलं.

चौथं, वेळ. तीन आठवडे झाले, जुलै उजाडला आणि सगळं नेहमीसारखं. धडे क्रमाने, फळा, वही, पुढे चला. खरी परीक्षा येते पहिल्या घटक चाचणीला, त्या वेळेला पुन्हा दोन दिवस तरी थांबून बघायला हवं होतं. आमच्या मराठी शाळेत चाचणी म्हणजे गुरुजी शेजारी बसून विचारणार, इथे प्रश्नपत्रिका छापील, सहा विषय, वेळ लावून. पोरीने पहिल्या चाचणीत गणितात सगळं येत असून दोन प्रश्न सोडले कारण पान उलटायचं असतं हे माहीत नव्हतं. पाठीमागे पण प्रश्न असतात हे सांगायला किती वेळ लागतो? जूनमध्ये एखादी जुनी प्रश्नपत्रिका नुसती हातात देऊन 'बघा, ही अशी असते' म्हटलं असतं तरी चाललं असतं. नकाशा वाचायला शिकवला तशी प्रश्नपत्रिका वाचायला शिकवा की.

तालुक्याला एक खाजगी क्लासही आहे, मे महिन्यात पाचवी फाउंडेशन नावाने बॅच घेतात, बऱ्याच जणी तिथे पाठवतात म्हणून लिहिते. माझ्या भाच्याला घातलं होतं. तिथे नवोदयच्या आणि शिष्यवृत्तीच्या प्रश्नांचे झेरॉक्स गठ्ठे सोडवून घेतात, बुद्धिमत्तेचे प्रश्न, आकृत्या. ज्याला पाचवीत असताना नवोदयची परीक्षा द्यायची आहे त्याला ठीक आहे. नव्या शाळेत रुळायला त्याचा काडीचा उपयोग नाही, फी मात्र भरपूर. त्या पैशात पोराला मेमध्ये दोन-चार वेळा एसटीने तालुक्याला घेऊन जा, येताना त्याला बस शोधायला लावा, शाळेच्या गेटपर्यंत चालवत न्या. तेवढंच काम होतं, वर उसाचा रस.

तर घालू का मुलाला या हायस्कूलात, असं विचाराल तर मराठी माध्यमाला हो, डोळे झाकून. सेमीला घालणार असाल तर आधी जाऊन विचारा की पाचवीच्या सेमीचं गणित कोण घेणार आणि पहिल्या महिन्यात काय करणार, नुसतं सेतू आहे का असं विचारू नका, आहे म्हणूनच सांगतील. चौथीची आवडती वही रद्दीत टाकू नका, शाळेने मागितली नाही तरी वर्गशिक्षकांना दाखवा. वेळापत्रक पहिल्या दिवशी मिळालं की घरी मुलाकडूनच भिंतीवर लावून घ्या आणि मधली सुट्टी कधी ते त्यालाच काढू द्या.

आणि एक महत्त्वाचं, या वर्षी चार-पाच मुलांचा सेतू वर्ग अख्खा बुडाला कारण जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर, शिक्षण खात्याच्या सरल पोर्टलवर ट्रान्सफरची रिक्वेस्ट अडकलेली, आणि पालक घरीच थांबले की दाखला आला की पाठवू. थांबायची काही गरज नव्हती. दाखला यायला वेळ लागला म्हणून प्रवेश अडवता येत नाही किंवा लांबवता येत नाही हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पोराला पहिल्या दिवसापासून वर्गात बसवा, कागद मागून येऊ द्या, ऑफिसातल्या क्लार्कने नाही म्हटलं तर सरळ मुख्याध्यापकांकडे जा. जुन्या शाळेत दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्येच देऊन ठेवा, मेमध्ये गुरुजी गावाला जातात.